रखमाबाईंच्या टीव्हीचा आवाज

वसईजवळच्या गिरीजला आमच्या आणि रखमाबाईंच्या वाडीमध्ये एकच कुंपण आहे, अर्धं मेंदीचं आणि अर्धं तारेचं. लग्न होऊन मी या घरात आले, त्याच आठवड्यात माझ्या सासूबाईंनी, रेजिनाबाईंनी, मला बजावून ठेवलं होतं की पलीकडून ओरडणं ऐकू आलं तर घाबरू नकोस. ती भांडत नसते. तिचा आवाजच तसा आहे.

तो आवाज कमावलेला होता. रखमाबाईंचं माहेर जवळच्याच गास गावचं, भातशेतीतलं. या बांधावरून पलीकडच्या बांधावरच्या माणसाला बोलवायचं तर हाक छातीतूनच काढावी लागते, आणि त्या लहानपणापासून तशीच काढत आल्या होत्या. दयारामांशी लग्न होऊन गिरीजला आल्यावर शेताऐवजी केळी-नारळीची वाडी आली, तोंडलीचे मांडव आले, पण हाक तीच राहिली. पुढं सासूबरोबर टोपली घेऊन त्या वसईच्या बाजारात बसू लागल्या. माझ्या सासूबाईंची जागा त्यांच्या शेजारीच. त्या सांगायच्या की रखमाबाईंनी एकदा केळ्यांची हाक दिली की कोपऱ्यावरचे रिक्षावालेसुद्धा मान वळवून बघायचे, आणि मग आम्हाला ओरडायची गरजच पडायची नाही, तिच्या गिऱ्हाइकांतली चार आमच्याकडे आपसूक यायची.

घरात रंगीत टीव्ही आला तेव्हा तोही रखमाबाईंच्याच आवाजात बोलू लागला. बारीक आवाजात कुणी बोललं की त्यांना वाटायचं, आपल्यापासून काहीतरी चोरून ठेवताहेत. त्यामुळं मालिकेतल्या सासवा-सुनांची भांडणं आम्हाला कुंपणाच्या या बाजूला भाजी निवडताना ऐकू यायची. आम्ही त्या वेळेला आमचा टीव्ही लावतच नसू.

त्यांचं घर दुमजली. खाली दयाराम, रखमाबाई आणि त्यांचा मुलगा केयूर. वर दयारामांचे धाकटे भाऊ दिनानाथ, त्यांची बायको आशालताबाई आणि मुलगी नेत्रा. जिना बाहेरून होता आणि वरच्या मजल्याची जमीन जुन्या लाकडी फळ्यांची होती. खाली कुणी खोकलं तरी वर कळायचं. दिनानाथ मुंबईत सरकारी नोकरीला होते. आशालताबाई वसई गावातल्या, प्राथमिक शाळेत शिक्षिका. बोलणं मोजकं, हळू. वर्गातसुद्धा त्या आवाज चढवत नाहीत, असं मुलं सांगायची.

एवढ्या वेगळ्या स्वभावाच्या दोघी, पण जावा-जावांचं चांगलं जमत होतं, आणि त्याला कारण होतं. आशालताबाईंचं पहिलं बाळंतपण झालं तेव्हा दवाखान्यात त्यांच्याजवळ रखमाबाईच होत्या. मुलगा झाला, पण तो रडला नाही. डॉक्टरांनी पुष्कळ खटपट केली. नंतर सगळे म्हणाले की आईला दाखवू नका, मनाला लावून घेईल. रखमाबाईंनी कुणाचं ऐकलं नाही. त्यांनी ते दुपट्यातलं मूल उचललं, जावेच्या कुशीत आणून ठेवलं आणि तिचं रडून होईपर्यंत दाराशी उभ्या राहिल्या. घरी आल्यावर कितीतरी दिवस त्या छपराखाली त्यांनी मोठ्यानं हाक म्हणून मारली नाही. दयारामांना जेवायला बोलवायला स्वतः वाडीत चालत जायच्या. पुढं काही वर्षांनी नेत्रा झाली, चांगली खणखणीत रडत, आणि मगच घरातला आवाज पूर्वीसारखा झाला.

हे सगळं मोडलं ते नेत्राच्या दहावीच्या वर्षी, नव्याण्णव साली. मार्च महिना होता. दुसऱ्या दिवशी गणिताचा पेपर. खाली रखमाबाईंचे भाऊ-भावजय गासहून आलेले होते आणि टीव्ही नेहमीसारखा गर्जत होता. आशालताबाईंनी दोनदा नेत्रालाच खाली पाठवलं. रखमाबाईंनी दोन्ही वेळा आवाज थोडा कमी केला आणि गप्पांच्या नादात पुन्हा वाढवला. तिसऱ्यांदा आशालताबाई स्वतः आल्या. कुणाशी एक शब्द न बोलता टीव्हीपाशी गेल्या, आवाज पार शून्यावर आणला आणि तशाच निघून गेल्या.

माहेरच्या माणसांसमोर हे झालं. रखमाबाई अंगणात आल्या आणि जिना चढणाऱ्या जावेच्या पाठीवर, गासच्या बांधावरच्या आवाजात म्हणाल्या, "तुला घर मुकंच लागतं. म्हणून तर देवानं तुझं पहिलं पोर न रडताच नेलं."

हे आम्ही कुंपणाच्या या बाजूला ऐकलं. सासूबाईंच्या हातातली कोयती तशीच राहिली. जिन्यावर आशालताबाई क्षणभर थांबल्या, मागं वळल्या नाहीत, वर जाऊन दार लावून घेतलं. रखमाबाईंचा भाऊ चहा न पिताच उठला.

त्या दिवसापासून दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. घर मोडलं नाही, वाटण्या झाल्या नाहीत, भाऊ भावाशी पूर्वीसारखेच बोलत होते. गणपती खालीच बसायचा आणि आशालताबाई नैवेद्याला खाली यायच्या. दोघी एकाच चुलीपाशी उभ्या राहायच्या. डाळीत मीठ पडलंय का, हे नेत्राला विचारायचं आणि नेत्रानं ते दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या काकीला विचारायचं. नेत्रा पुढं म्हणायची की मी इंजिनीअर व्हायच्या आधी टेलिफोनची तार झाले होते.

सासूबाईंनी एकदा बाजारात रखमाबाईंना विचारलं की जाऊन माफी का मागत नाहीस. रखमाबाई खाली बघून केळी पुसत राहिल्या. मग म्हणाल्या की शब्द लहान असता तर परत घेतला असता. एवढा मोठा शब्द परत घ्यायला गेलं तर तो पुन्हा तिच्यासमोर उच्चारावा लागेल, आणि मला ते जमणार नाही.

अशी आठ-नऊ वर्षं गेली. केयूर एसीचं काम शिकला आणि सिंगापूरला जहाजदुरुस्तीच्या कंपनीत लागला. विरारच्या सुरुचीशी त्याचं लग्न झालं आणि तीही तिकडं गेली. नेत्रा एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला लागली. आशालताबाई निवृत्त झाल्या आणि दुपारच्या वेळी घरी दोन-चार मुलांच्या शिकवण्या घेऊ लागल्या. रखमाबाई मात्र विहिरीजवळच्या शेवाळावरून घसरल्या आणि त्यांचा खुबा मोडला. आत सळी बसवली. वॉकर घेऊन घरातल्या घरात फिरायचं, एवढंच उरलं. जिना चढणं तर कायमचं संपलं. त्या अंथरुणावर होत्या तेव्हा वरून रोज नेत्राच्या हातून तांदळाची पेज यायची. कुणी करून पाठवली हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. पेजेचं भांडं मात्र रखमाबाई स्वतः घासून परत पाठवायच्या, बसल्या बसल्या.

दोन हजार आठ साली सुरुचीचे दिवस भरायच्या दोन महिने आधीच सिंगापूरहून फोन आला. मुलगा झाला होता. वजन फार कमी. काचेच्या पेटीत ठेवला होता आणि श्वासासाठी घशात नळी घातली होती. केयूर म्हणाला की काळजीचं कारण नाही, इथले डॉक्टर चांगले आहेत.

रखमाबाईंनी एकच प्रश्न विचारला. रडलं का?

केयूर गडबडला. म्हणाला की घशात नळी आहे ना आई, नळी असली की आवाज येत नाही. रखमाबाईंनी ते ऐकलं, फोन दयारामांच्या हातात दिला आणि पलंगावर जाऊन बसल्या. त्यानंतरच्या प्रत्येक फोनवर तोच प्रश्न. कधी उत्तर यायचं की झोपलंय, कधी यायचं की आत मोबाईल नेऊ देत नाहीत. खरंच नेऊ देत नव्हते, छोटा कॅमेरा तेवढा चालायचा. पण ज्या बाईला हळू आवाजातल्या बोलण्यात चोरी दिसते, तिला हे कसं पटावं? माझ्या सासूबाई रोज संध्याकाळी त्यांच्याजवळ जाऊन बसू लागल्या. त्यांना रखमाबाईंनी मनातलं सांगितलं. म्हणाल्या की ते न रडणारं पोर माझ्या घरी आलंय. मी जे दुसरीला बोलले तेच देवानं मला परत दिलं. सासूबाईंनी समजावलं की देव असा हिशेब ठेवत नाही, तुझ्या देवळातला नाही आणि आमच्या चर्चमधलाही नाही. पण त्यांना धीर येत नव्हता. जेवण अर्ध्यावर आलं. टीव्ही तर त्यांनी लावणंच सोडून दिलं होतं. संध्याकाळी पलीकडून काही ऐकू येईनासं झालं आणि आम्हाला इकडं करमेना.

केयूर बाळाचे फोटो इंटरनेटवरून पाठवायचा. ते वर नेत्राच्या कॉम्प्युटरवर यायचे, आणि रखमाबाई वर जाऊ शकत नव्हत्या. नेत्रानं एक-दोन फोटो छापून आणून दिले, पण काकीला त्या कागदावर नळ्याच जास्त दिसायच्या. मग एका रविवारी नेत्रानं बाजारातून लांब वायर आणली. कॉम्प्युटरच्या मागं टीव्हीला जोडायची सोय होती. चित्राची एक वायर आणि आवाजाची एक, दोन्ही चिकटपट्टीनं एकत्र बांधून तिनं वरच्या खिडकीतून खाली सोडल्या आणि खालच्या खिडकीतून आत घेऊन टीव्हीच्या मागं खोचल्या. आता वर जे दिसेल तेच खाली दिसणार होतं. तिनं त्या दिवशी काकीला बाळाचे सगळे फोटो टीव्हीवर मोठे करून दाखवले. रखमाबाईंनी वॉकर पुढं ओढून बाळाच्या कपाळावरून काचेवरच हात फिरवला. फोटोंना आवाज नसतो, त्यामुळं आवाजाचा विषय त्या दिवशी कुणाच्या डोक्यातही आला नाही.

पुढच्या गुरुवारी सकाळी केयूरचा फोन आला. घाईत होता, पण खुशीत होता. एक फिल्म पाठवली आहे, आईला दाखवा, मी काही सांगत नाही, बघा म्हणजे कळेल, एवढंच बोलला. नेत्रानं कामावर निघायच्या आधी ती फिल्म उतरवून घेतली, लावून बघायला वेळ नव्हता, आणि आपल्या आईला दाखवून ठेवलं की या चित्रावर दोनदा दाबायचं, मग ती खाली टीव्हीवर दिसेल. काका वाडीतून जेवायला आले की त्यांना काकीजवळ बसायला सांग आणि मग लाव. आशालताबाईंनी मान हलवली.

पण दयारामांना वसईला जावं लागलं आणि दुपार झाली तरी ते परतले नाहीत. खाली रखमाबाई सकाळपासून टीव्हीसमोर बसून होत्या. वर आशालताबाई फेऱ्या मारत होत्या, आणि फळ्यांवरची ती पावलं खाली ऐकू येत होती. शेवटी आशालताबाईंना राहवलं नाही. त्यांनी त्या चित्रावर दोनदा दाबलं.

खाली पडद्यावर बाळ आलं. घशात नळी नव्हती. तोंड मोठं उघडलेलं, डोळे घट्ट मिटलेले, मुठी हवेत. ते रडत होतं, आणि आवाज येत नव्हता.

रखमाबाईंनी रिमोट उचलला आणि आवाजाचं बटण दाबायला सुरुवात केली. पडद्यावरच्या हिरव्या रेघा वाढत गेल्या, टोकाला जाऊन थांबल्या. टीव्हीतून नुसती घूं अशी घरघर यायला लागली. बाळ रडतच होतं, हनुवटी थरथरत होती, आणि घरात त्या घरघरीशिवाय काही नव्हतं. नळी काढली होती. आता तर नळीचंही कारण उरलं नव्हतं.

मी तेव्हा आमच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. पलीकडून हाक आली. कित्येक आठवड्यांत ऐकू न आलेला तो आवाज, पण मी तो असा कधी ऐकला नव्हता.

"आशालता! बाळाचा आवाज येत नाही गं."

जिन्यावर पावलं वाजली. आशालताबाई अनवाणीच उतरून आल्या. मीही कुंपणाच्या मोडक्या भागातून आत गेले, आणि दारातच थांबले. आशालताबाई टीव्हीसमोर उभ्या होत्या. त्या बाळाकडं बघत होत्या आणि त्यांना काय दिसत होतं ते मला सांगायला नको. रखमाबाईंनी त्यांचा पदर हातात धरला होता, लहान मुलासारखा.

पडद्यावर बाळाच्या बाजूला सुरुची आली. ती हसत होती, कॅमेऱ्याकडं बघून काहीतरी सांगत होती. मागं एक नर्स बोलत होती. आशालताबाई पुढं वाकल्या.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "सुरुचीचासुद्धा आवाज येत नाहीये. बघा. ती बोलतेय ना? कुणाचाच येत नाहीये."

रखमाबाईंना कळेना. आशालताबाईंनी त्यांचा हात पदरावरून सोडवला आणि त्या पुन्हा जिन्याकडं धावल्या. त्यांना एकदम आठवलं होतं. कॉम्प्युटरवर नेत्राला कुणाचे निरोप आले की टुंग टुंग वाजायचं आणि शिकवणीच्या मुलांचं लक्ष जायचं. म्हणून त्यांनी कोपऱ्यातल्या छोट्या भोंग्याच्या चित्रावर दाबून आवाज बंद करायला शिकून घेतलं होतं. तो दोन दिवसांपासून बंदच होता. मघाशी वर फिल्म मुकी चालली तेव्हा त्यांना वाटलं की वायर खाली गेलीय म्हणजे आवाजही खालीच जात असणार. वरचा आवाज बंद असला तर खाली काहीच पोचत नाही, टीव्हीच्या रेघा कितीही वाढवा, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांनी भोंग्यावरची लाल खूण काढली. खाली टीव्ही शेवटच्या रेघेवर होता.

त्या क्षणी जे झालं ते गिरीजमध्ये अजून सांगतात. घराच्या भिंतीतून रडणं फुटलं. कपाटातली भांडी थरथरली. अंगणातलं कुत्रं शेपूट घालून केळीत पळालं. माझे हात आपोआप कानांवर गेले. सासूबाई आमच्या स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी धावत आल्या, कारण त्यांना वाटलं की काहीतरी वाईट घडलं. त्यांच्या मागून रस्त्यावरची दोन माणसं आली. आणि आत रखमाबाई त्या गर्जणाऱ्या टीव्हीच्या समोर, रिमोट छातीशी धरून, हसत होत्या आणि रडत होत्या. मी आवाज कमी करायला पुढं झाले तर त्यांनी रिमोट पाठीमागं लपवला.

फिल्म संपली. वरून आशालताबाईंनी ती पुन्हा लावली. मग पुन्हा. आता सुरुचीचं बोलणंही ऐकू आलं. ती सांगत होती की काल नळी काढली, आधी घोगरा आवाज आला आणि आज सकाळपासून हा असा रडतोय, वॉर्डातली बाकीची बाळं उठवली यानं, नर्स म्हणतात हा कुणावर गेला.

सासूबाईंनी दारातल्या माणसांना सांगितलं की कुणावर गेला ते आम्हाला माहीत आहे, आणि त्यांना घरी पाठवलं.

आशालताबाई खाली आल्या तेव्हा मी निघायला हवं होतं, पण रखमाबाईंनी मला चहा ठेवायला सांगितलं होतं आणि मी आत चुलीपाशी होते. टीव्ही आता बंद होता. दोघी बाकावर बसल्या. रखमाबाईंनी रिमोट बाजूला ठेवला. मग रखमाबाईंचा आवाज आला. इतका हळू मी तो कधी ऐकला नव्हता.

"आशा, मी तुला जे बोलले होते..."

"मला ते फार लागलं, वहिनी."

"लागणारच."

"पण माझं पोर मला तुम्हीच दाखवलं होतंत," आशालताबाई म्हणाल्या. "बाकी कुणी दाखवू देत नव्हतं. तेही मी विसरले नाही. एवढी वर्षं दोन्ही आठवायचं, आणि काय करावं ते कळायचं नाही."

चहा उकळून वर आला तरी मी तो उतरवला नाही, पुन्हा खाली बसू दिला. मग तीन कप भरले आणि बाहेर नेले. रखमाबाईंनी आपल्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून जावेपुढं सरकवला. फार पूर्वी त्या दोघी असाच चहा प्यायच्या, असं सासूबाई नंतर म्हणाल्या.

दयाराम वसईहून परत आले तेव्हा दोघी एकाच बाकावर बसलेल्या. दोघींनी एकदमच सांगायला सुरुवात केली, एक मोठ्यानं आणि एक हळू, आणि त्यांना दोन्हीतलं काही नीट कळलं नाही. त्यांनी पिशवी खाली ठेवली, विहिरीवर गेले आणि तोंड धूत बसले. किती वेळ तरी बादलीचा आवाज येत राहिला.

बाळ पेटीतून बाहेर आलं, घरी आलं, वजन धरू लागलं. सव्वा महिन्यानं त्यांनी सिंगापूरला बारसं करायचं ठरवलं. केयूरला सख्खी बहीण नाही, म्हणजे आत्या नेत्राच. तिला रजा घेऊन जाता येण्यासारखं नव्हतं, तेव्हा तिनं कॉम्प्युटरवरूनच नाव ठेवायचं असं ठरलं. तिकडं कॅमेरा, इकडं कॅमेरा आणि माईक, आणि खाली टीव्हीवर घरच्यांनी बघायचं.

रविवारी सकाळी खाली पाय ठेवायला जागा नव्हती. विरारहून सुरुचीचे आईवडील आले होते, गासहून रखमाबाईंचे भाऊ-भावजय आले होते. घुगऱ्या शिजल्या होत्या. वर नेत्रा माईकपाशी, तिच्या शेजारी आशालताबाई. मला नेत्राच्या पाठीत धपाटे घालण्यासाठी वर बोलावलं होतं, कारण आत्यानं कानात 'कुर्र' केलं की बायकांनी तिच्या पाठीत मारायचं असतं आणि तिकडच्या बायकांचे हात इथवर पोचणार नव्हते.

पडद्यावर केयूर आला आणि लगेच तोंड वाकडं करू लागला. त्याला त्याचंच बोलणं परत ऐकू येत होतं, दोनदा दोनदा. नेत्राच्या लक्षात आलं. खाली टीव्ही मोठा होता, तो आवाज फळ्यांमधून वर येऊन माईकमध्ये शिरत होता आणि सिंगापूरला परत जात होता. वरचा आवाज कमी करावा तर खाली कुणाला काही कळणार नव्हतं. खालचाच कमी करायला हवा होता.

नेत्रा उठायला लागली. आशालताबाईंनी तिला बसवलं आणि स्वतः खिडकीपाशी गेल्या. सगळ्या पाहुण्यांसमोर, आणि त्यातही गासच्या त्याच पाहुण्यांसमोर, त्यांनी खाली वाकून सांगितलं, "वहिनी, टीव्ही जरा कमी करता? बाळाला त्रास होतोय."

खाली सगळ्यांच्या नजरा रखमाबाईंकडं वळल्या. रखमाबाईंनी रिमोट घेतला आणि एकेक रेघ कमी करायला लागल्या. "एवढा चालेल?" त्यांनी वर विचारलं. अजून थोडा, असं उत्तर आलं. त्यांनी अजून थोडा कमी केला. मग भावाला सांगून आपली खुर्ची टीव्हीच्या अगदी पुढं ओढून घेतली आणि कान पडद्याकडं करून बसल्या.

नाव काय ठेवायचं यावर तिकडं एकमत झालं नव्हतं. सुरुचीनं विचारलं की आई काय म्हणतात. रखमाबाईंनी खालून कळवलं की आशालता सांगेल ते. आशालताबाई गोंधळल्या, नको म्हणाल्या, आणि मग हळूच म्हणाल्या, "आयुष चालेल का?"

नेत्रानं माईकला तोंड लावून 'कुर्र' केलं आणि नाव सांगितलं. मी तिच्या पाठीत धपाटे घातले. ते माईकमधून सिंगापूरला गेले आणि टीव्हीतून खाली वाजले, धप धप धप, आणि बाळ दचकून रडायला लागलं. खाली सगळे हसले. रखमाबाईंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. आवाज कमी होता आणि त्यांना ऐकायचं होतं.

डिसेंबरात केयूर-सुरुची आयुषला घेऊन आले. नवी जागा, नवी माणसं, थंडी. पहिला आठवडा तो जवळजवळ सारखा रडत होता. दिनानाथ कानात कापूस घालून पेपर वाचायचे. वरून आशालताबाई आणि खालून रखमाबाई पाळीपाळीनं त्याला घेऊन अंगणात असायच्या, एक वॉकर बाजूला ठेवून खुर्चीत डोलत, एक चालत. दोघी आम्हाला कुंपणावरून विचारायच्या की तुम्हाला त्रास होत नाही ना.

सासूबाई म्हणायच्या की रडू दे, आम्हाला सवय आहे.